कुठे पाणी मुरते? कॅराव्हॅनमधील गळतीचा शोध आणि उपाय

नजरबाद (म्हैसूर) : दसरा आणि पाऊस यांची म्हैसूरमध्ये दरवर्षी गाठ पडते. पश्चिम घाटाच्या पूर्वेस असलेल्या या शहरात वर्षाकाठी सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मात्र तो मुंबई-कोकणाप्रमाणे जून-जुलैत एकवटलेला नसतो. मे महिन्यातील वळिवाच्या सरी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस हे येथील पावसाचे दोन मुख्य टप्पे होत. त्यांपैकी दुसरा टप्पा नेमका दसरा महोत्सवाच्या दिवसांत येतो. प्राणिसंग्रहालय, कारंजी तलाव आणि ललितमहाल ही पर्यटकांची नेहमीची ठिकाणे नजरबाद परिसरात आणि त्याच्या आसपास असल्याने याच काळात तेथे बाहेरगावच्या वाहनांची वर्दळ वाढते.

म्हैसूर, उटी आणि कूर्ग ही मराठी कुटुंबांची जुनी, आवडती सहल. पूर्वी ती रेल्वेने किंवा सहल कंपनीच्या बसने होत असे. आता त्यात कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेले फिरते घर, या नव्या पर्यायाची भर पडली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळनेही अशा पर्यटनास चालना देणारी योजना आणली. युरोप-अमेरिकेत मोटारीमागे जोडून ओढून नेण्याचे ट्रेलर अधिक दिसतात, तर भारतात बस किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली वाहने अधिक आहेत. वाहन कोणतेही असो, त्याच्या घरासारख्या भागाचा मोठा शत्रू एकच आहे, आणि तो म्हणजे आत शिरलेले पाणी.

अपघातात झालेले नुकसान लगेच दिसते. पाण्याचे नुकसान मात्र भिंतीच्या आत, जमिनीच्या थराखाली आणि छताच्या पोकळीत महिनोन्‌महिने चालू राहते. ते डोळ्यांना दिसू लागते तेव्हा लाकडी चौकट बहुधा कुजलेली असते. डोक्यावरचे जड कपाट निखळणे, पायाखालची फळी खचणे किंवा ओल्या वायरिंगमुळे विजेचा धक्का बसणे हे त्याचे पुढचे परिणाम होत. त्यामुळे हा प्रश्न केवळ वाहनाच्या देखणेपणाचा नसून आत झोपणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचा आहे.

पाणी येते कोठून?

कॅराव्हॅनमध्ये पाणी शिरण्याच्या चार वाटा आहेत. पहिली वाट पावसाची. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद छतावर ५० मिलिमीटरची एक जोरदार सर कोसळली, तर ६०० लिटर पाणी त्या छतावरून वाहून जाते. छताला हवा येण्यासाठी झरोका असतो, वातानुकूलन यंत्रासाठी मोठे भोक असते, सौर पट्ट्या स्क्रूने बसविलेल्या असतात, कडेला दिवे आणि मागे शिडी असते. यांपैकी प्रत्येक जोड म्हणजे पाण्यासाठी संभाव्य दार होय.

हे सांधे सुरुवातीला बंदिस्त असतात. उन्हाने त्यांतील भराव कडक होतो आणि त्याला भेगा पडतात. पत्रा दिवसा तापून प्रसरण पावतो व रात्री आकुंचन पावतो. त्यात रस्त्यावरील खड्डे आणि गतिरोधकांचे हादरे सतत बसत असतात. पुण्याहून म्हैसूरला येणारे वाहन एका बाजूने हजार किलोमीटरच्या आसपास धावते. घर एका जागी उभे असते आणि कॅराव्हॅन दररोज लहानसा भूकंप सोसते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी वाट आतल्या नळांची. टाकी, पंप, गिझर, बेसिन आणि न्हाणीघर यांना जोडणाऱ्या नळ्यांचे सांधेही हादऱ्यांनी सैल होतात. येथील गळती थेंबाथेंबाने, पण पाऊस नसतानाही चालू राहते.

तिसरी वाट वाफेची. ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. झोपलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी हवेत सोडतो. चौघे झोपले तर हे प्रमाण लिटरभर होते. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळाला की त्यातून सुमारे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. म्हैसूरहून उटीला गेलेले वाहन समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरवरून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर पोहोचते. तेथील थंड रात्री खिडक्या बंद करून झोपल्यास हीच वाफ काचेवर, पत्र्याच्या आतील बाजूस आणि गादीखाली पाणी होऊन साचते. ही गळती नव्हे. त्यामुळे छतावर कितीही भराव लावला तरी ती थांबत नाही.

चौथी वाट पुराच्या पाण्याची. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

डाग एकीकडे, भोक दुसरीकडे

समजा, नजरबादमध्ये एखाद्या झाडाखाली रात्रभर उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये सकाळी मागच्या पलंगाची गादी ओली आढळली. वरच्या कोपऱ्यात पिवळसर डाग आहे. वाहनधारक बाहेरून त्याच कोपऱ्यावर सिलिकॉनचा जाड थर लावतो आणि पुढील प्रवासाला लागतो. दोन दिवसांनी गादी पुन्हा ओली होते.

याचे कारण वाहनाच्या रचनेत आहे. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर, आत प्लायवुड, मध्ये लाकडी वा धातूची चौकट आणि पोकळीत थर्माकोलसारखा उष्णतारोधक थर अशी भिंत असते. छताच्या झरोक्यातून शिरलेले पाणी लगेच खाली पडत नाही. ते चौकटीच्या आडव्या पट्टीवरून किंवा वायरीच्या कडेने उताराकडे वाहत जाते आणि वाट मिळेल तेथे बाहेर पडते. वाहन चढावर उभे असेल तर पाणी मागे जाते, उतारावर असेल तर पुढे येते. म्हणजे झरोका मध्यभागी असला तरी डाग मागच्या कोपऱ्यात उमटू शकतो. अशा वेळी डागावर केलेला उपचार म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार ठरतो.

त्याहूनही घातक बाब म्हणजे चुकीच्या जागी लावलेला भराव पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद करतो. आत येणे चालूच राहते आणि बाहेर जाणे थांबते. परिणामी लाकूड अधिक वेगाने कुजते.

ओळख कशी पटवावी?

बंद वाहनाचे दार उघडताच येणारा कुबट वास ही पहिली खूण होय. आतील कागद किंवा सनमायका फुगणे, त्याला पोपडे येणे, खिडकीखाली काळपट ठिपके दिसणे, जमिनीवर चालताना एखाद्या ठिकाणी पाय किंचित दबणे, बाहेरील स्क्रूंखाली गंजाचे ओघळ येणे, कपाटाच्या बिजागऱ्या सैल होणे या पुढच्या खुणा. अंगठ्याने भिंत दाबून पाहिल्यास ओली जागा मऊ लागते. शंका असलेल्या ठिकाणी पलंगाखाली किंवा कपाटाच्या आत, जेथे खूण दिसणार नाही अशा जागी, स्क्रू ड्रायव्हरचे टोक हलकेच टोचून पाहता येते. चांगले लाकूड अडवते, कुजलेले लाकूड टोक आत घेते.

लाकडातील ओलावा मोजणारे लहानसे यंत्र बाजारात मिळते. सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचे प्रमाण चिंतेचे मानले जात नाही. २० टक्क्यांच्या वर ते दीर्घकाळ राहिल्यास बुरशी व कुजण्याचा धोका निर्माण होतो आणि ३० टक्क्यांच्या आसपास लाकूड कुजण्यास पूर्ण अनुकूल स्थिती तयार होते. तथापि हे आकडे वापरताना भान ठेवावे लागते. लाकूड भोवतालच्या हवेतील दमटपणा शोषून घेते. कोकणात किंवा कूर्गमध्ये ऐन पावसाळ्यात गळती नसलेले लाकूडही १८ ते २० टक्के दाखवू शकते. म्हणून एकाच आकड्यावर निष्कर्ष न काढता त्याच वाहनातील निःसंशय कोरड्या जागेचे आणि संशयित जागेचे माप शेजारी ठेवून पाहावे. दोहोंतील मोठा फरक हाच खरा पुरावा होय.

गळती पावसाची की नळाची, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. सर्व नळ बंद करून पाण्याचा पंप चालू ठेवावा. कोणीही पाणी वापरत नसताना पंप थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर नळ्यांमधून कोठे तरी पाणी जात आहे, असे समजावे. पंप शांत राहिला तर बाहेरून तपासणी करावी. एका व्यक्तीने आत विजेरी घेऊन थांबावे आणि दुसऱ्याने बाहेरून रबरी नळीने हलक्या धारेने पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी. आधी भिंतीचा खालचा भाग, मग खिडकी, मग छताची कड आणि शेवटी झरोका, असा क्रम ठेवून प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सर्वच सांध्यांवरून ओघळते आणि नेमका दोषी सांधा कळत नाही. ही चाचणी वीजपुरवठा तोडूनच करावी.

पहिले ४८ तास

ओल्या पृष्ठभागावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. त्यामुळे गळती लक्षात आल्यावर सहल संपेपर्यंत थांबणे महागात पडते. सर्वप्रथम बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची जोडणी काढावी, बॅटरीची तार सोडवावी आणि गॅसचा सिलिंडर बंद करावा. त्यानंतरच ओल्या भागाला हात लावावा.

गाद्या, उशा, गालिचे आणि पडदे बाहेर काढावेत. कपाटांची दारे, पलंगाखालील कप्पे आणि जमिनीवरील झाकणे उघडी ठेवावीत. छतावर ताडपत्री टाकून वरून येणारे पाणी तात्पुरते थांबवावे. ही तात्पुरती व्यवस्था सिलिकॉनच्या घाईच्या थरापेक्षा केव्हाही बरी, कारण ती नंतर निघते आणि खरा सांधा झाकत नाही.

वाळविण्याबाबत एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. खिडक्या उघडल्या की ओल जाते, हे म्हैसूरच्या कोरड्या फेब्रुवारीत खरे आहे. परंतु बाहेरची हवाच दमट असेल, तर उघड्या खिडकीतून दमटपणा आत येतो. अशा वेळी खिडक्या बंद करून हवेतील ओलावा काढणारे यंत्र किंवा वातानुकूलन यंत्र चालविणे आणि सोबत पंख्याने हवा खेळती ठेवणे उपयुक्त ठरते. अर्थात त्या भागातील वायरिंग कोरडे आणि सुरक्षित असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घेतल्यानंतरच ही उपकरणे जोडावीत. विजेच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरला तुटणारे आरसीसीबी बसविलेले असणे हे कॅराव्हॅनमध्ये जीवरक्षक ठरते, कारण पत्र्याच्या वाहनात गळका विद्युतप्रवाह सर्वत्र पसरू शकतो.

बुरशी आलेला कठीण पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. हे काम करताना तोंडावर एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे वापरावेत. दम्याच्या रुग्णांनी व लहान मुलांनी त्या वेळी दूर राहावे. ब्लीचिंग द्रावणात व्हिनेगर, आम्ल किंवा अमोनिया असलेले पदार्थ कधीही मिसळू नयेत. त्यातून विषारी वायू निर्माण होतात. बुरशी प्लायवुडच्या आत गेली असेल तर वरून पुसून उपयोग नसतो. तो तुकडा बदलावाच लागतो.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी गळतीचे मूळ शोधणे, मग ते थांबविणे, त्यानंतर भिंत उघडून पूर्ण वाळविणे, कुजलेला भाग बदलणे आणि सर्वांत शेवटी आतील सजावट. प्रत्यक्षात हा क्रम अनेकदा उलटा होतो. डाग नजरेला खुपतो म्हणून प्रथम नवा सनमायका चिकटविला जातो आणि ओल आत कोंडली जाते.

भिंत वाळण्यास नुकसानीनुसार काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. ओलावामापक यंत्राचे आकडे सलग काही दिवस कोरड्या जागेच्या आकड्यांशी जुळेपर्यंत थांबणे हिताचे असते. कुजलेला भाग केवळ डागापुरता न कापता निरोगी लाकूड लागेपर्यंत काढावा. बदली करताना साध्या प्लायवुडऐवजी आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लायवुड वापरावे आणि त्याच्या कापलेल्या कडा रंगाने किंवा इपॉक्सीने बंद कराव्यात. पाणी प्लायवुडमध्ये पृष्ठभागापेक्षा कडेने अधिक वेगाने शिरते.

सांधा नव्याने भरताना जुना भराव पूर्णपणे खरवडून काढणे अपरिहार्य आहे. जुन्या सिलिकॉनवर नवा थर नीट धरत नाही. झरोका किंवा खिडकीची चौकट सोडवून तिच्याखाली ब्युटाइलची चिकट पट्टी घालावी आणि कडेने पॉलियुरेथेनचा भराव द्यावा. बस बांधणी करणाऱ्या कारागिरांना हे साहित्य परिचित असते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूला गंजवू शकते, म्हणून पत्र्याच्या सांध्यांसाठी ते टाळावे.

पुराचे पाणी

पावसाचे पाणी वरून येते आणि सावकाश नुकसान करते. पुराचे पाणी खालून येते आणि काही तासांत सर्व काही बदलून टाकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये कूर्ग आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली यांनीही पुराचा तडाखा सोसला. म्हैसूरहून कूर्गमधील मडिकेरीपर्यंतचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. परंतु तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे या मार्गावर निघणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

बुडालेल्या वाहनाचे इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरविल्यास आतील दांडे वाकतात. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असल्याने भिंतीतील थर्माकोल, गाद्या आणि जमिनीचे भिजलेले थर वाळवून पुन्हा वापरणे आरोग्यास अपायकारक ठरते.

विमा आणि जुन्या वाहनाची खरेदी

मोटार विम्याच्या सर्वंकष पॉलिसीत पूर, वादळ आणि जलप्रलयामुळे झालेल्या नुकसानीचा समावेश असतो. झीज व घसारा मात्र त्यातून वगळलेले असतात. म्हणजे एका रात्रीच्या पुराची भरपाई मागता येते, परंतु दोन वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या सांध्यातून झालेली कूज सामान्यतः मालकाच्याच माथी येते. पाण्यातील इंजिन सुरू केल्याने झालेला बिघाड परिणामी नुकसान मानून नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. नुकसान झाल्यावर भिंत उघडण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे घेणे, विमा कंपनीस त्वरित कळविणे आणि सर्वेक्षकाची पाहणी होऊ देणे आवश्यक आहे.

जुनी कॅराव्हॅन विकत घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. नव्याने रंगविलेले छत, एकाच भिंतीवरील नवा सनमायका आणि तीव्र सुगंधी फवारा या तिन्ही गोष्टी एकत्र आढळल्यास आत कोठे तरी पाणी मुरते आहे, अशी शंका घेण्यास जागा असते. अशा वाहनाची पाहणी शक्यतो पाऊस पडून गेल्यानंतर करावी.

वर्षातून दोनदा

गळतीवरील सर्वांत स्वस्त उपाय ती होण्यापूर्वीचा असतो. महाराष्ट्रात मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा दसऱ्याच्या प्रवासापूर्वी छतावरील प्रत्येक सांधा डोळ्यांनी तपासावा. पन्हळीतील पाने काढावीत. झाडांच्या सावलीत उभ्या राहणाऱ्या वाहनांच्या पन्हळी लवकर तुंबतात आणि साचलेले पाणी सांध्यातून आत शिरते. वाहन किंचित उतारावर उभे केल्यास छतावर पाणी थांबत नाही. मुक्कामात स्वयंपाक करताना झरोका उघडा ठेवावा आणि ओले कपडे आत वाळत घालू नयेत. लांबच्या प्रवासानंतर नळांचे सांधे एकदा हाताने चाचपून पाहावेत.

लाकडी फिरत्या घराची काळजी कशी घ्यावी, याचे एक उदाहरण म्हैसूरमध्येच पाहता येते. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या येथील रेल्वे संग्रहालयात म्हैसूरच्या राजघराण्याचे डबे जपून ठेवले आहेत. स्वयंपाकघर, भोजनकक्ष आणि स्वच्छतागृह असलेला महाराणींचा १८९९ मधील सलून त्यांपैकी एक. रेल्वेरुळांवरील ती एक कॅराव्हॅनच होती. संग्रहालयात हे शाही डबे उघड्यावर नव्हे, तर छताखाली उभे आहेत. प्रत्येक वाहनधारकाला दालन बांधणे शक्य नाही. परंतु वाहन उभे असताना त्यावर साधी शेड किंवा हवा खेळती ठेवणारे आच्छादन असावे, एवढी काळजी कोणालाही घेता येते. एका सांध्याचा भराव वेळीच बदलण्यास काही तास पुरतात. तेच काम दोन पावसाळे पुढे ढकलले, तर संपूर्ण भिंत उतरवावी लागते.